वीस खाटांच्या आयसीयूसाठी रेस्पिरेटरी थेरपिस्ट (व्हेंटिलेटर आणि श्वासाचे उपचार सांभाळणारे) किती घ्यावेत आणि कसे पारखावेत?

एकावर भागणार नाही. आठवड्याचे तास १६८, एकाचे ४८. म्हणजे चोवीस तास एक जण हजर ठेवायलाच साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण धरून पाच घ्या.

पदवी आणि इंटर्नशिप बघाच, पण मुलाखत व्हेंटिलेटरपाशी घ्या. विचारा: बाई १५५ सेंमी उंच, वजन ८० किलो, एआरडीएस (फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरण्याचा गंभीर आजार). टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाला आत जाणारी हवा, किती लावाल? ४८० मिली म्हणणाऱ्याने काट्यावरचं वजन धरलं. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत! उंचीवरून वजन ४८ किलो येतं, किलोला ६ मिली, म्हणजे साधारण २९०. मग इन्स्पिरेटरी होल्ड देऊन (हवा आत गेल्यावर श्वास क्षणभर रोखून) प्लॅटू प्रेशर, म्हणजे फुप्फुसांतला दाब, मोजायला लावा; ३० सेंमी पाण्याच्या वर गेलं तर काय कराल, तेही विचारा. श्वासनलिकेतल्या ट्यूबचा कफ (तिच्याभोवतीचा हवेचा फुगा) बोटाने चाचपणाऱ्यापेक्षा दाब मोजायला मॅनोमीटर मागणारा बरा (२० ते ३० सेंमी पाणी).

आणि कृपा करून त्यांना नुसतं नेब्युलायझर लावायला आणि सिलिंडर बदलायला ठेवू नका. अशा कामावर चांगली मुलं टिकत नाहीत, आखाती देशांतल्या नोकरीची परवाना परीक्षा देऊन निघून जातात. राउंडला डॉक्टरांबरोबर उभं करा, वीनिंगबद्दल (रुग्णाला व्हेंटिलेटरवरून हळूहळू काढण्याबद्दल) त्यांचं मत विचारा.