बोनेट उघडून : सकाळी ओलं, तापल्यावर कोरडं

प्रश्न : काका, सासऱ्यांची १९९८ ची मारुती ८०० आम्ही अजून वापरतो. रोज सकाळी अंगणात रेडिएटरच्या वरच्या पाइपाखाली हिरवट डाग दिसतो. गाडी तापली की गळायचं थांबतं. देवगडात तापमानाचा काटा ठीक असतो, पण फोंडाघाट चढताना वर सरकतो. गॅरेजवाला म्हणतो रेडिएटरच बदला. बदलू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, घाई करू नका. थंड असताना गळणं आणि तापल्यावर थांबणं, ही खूण रेडिएटरपेक्षा पाइपाच्या तोंडाची जास्त. जुनं रबर कडक होतं, रात्री आकसतं आणि क्लिपची पकड ढिली पडते. तापलं की फुगून परत बसतं. त्यात आपली खारी हवा! खिडकीच्या गजांचं जे होतं तेच क्लिपचं होतं.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही म्हणजे नाही, आतलं पाणी अंगावर उडतं. खाली घमेलं ठेवून क्लिप सैल करा. पाइप निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. पाइप जिच्यावर बसतो ती रेडिएटरची नळी मोडली तर गॅरेजवाल्याचंच खरं व्हायचं. सरळ ब्लेडने पाइप उभा चिरा, तो टाकायचाच आहे. मग नळीवरून बोट फिरवा. पांढरट खरखरीत थर लागला तर पाणी तिथूनच वाट काढतंय. बारीक पॉलिश पेपरने तो हलक्या हाताने घासा. हे न करता नवा पाइप चढवला तर तोही गळणार. एम-सीलच्या भानगडीत पडू नका, हलत्या रबरावर ते टिकत नाही.

जुना पाइप घेऊनच दुकानात जा, वळण जुळलं पाहिजे. क्लिप स्टेनलेसची मागा आणि तिचा स्क्रूही पाहून घ्या. पट्टी चकचकीत आणि स्क्रू लोखंडी, असल्या क्लिपा सर्रास खपवतात. नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या मागे क्लिप बसवा. रबर किंचित दबेल इतपतच आवळा, आणि गाडी एकदा तापून गार झाल्यावर पुन्हा थोडी आवळा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. विहिरीचं पाणी प्यायला कितीही गोड असो, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. सांडलेलं लगेच धुऊन टाका; कूलंट चवीला गोड असतं, कुत्रीमांजरं चाटतात आणि मरतात. इंजिन थंड असतानाच, टोपण उघडं ठेवून ते चालू करा, मधूनमधून पाइप दाबा, बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहा. टोपणाचं रबर चिरलेलं असेल तर टोपणही नवं घ्या, फार महाग नसतं.

पाणी कमी पडलं की चढावर काटा चढतोच. हे सगळं करूनही फोंड्याच्या पुढे तो वर गेला, तर आधी पंखा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) तपासून घ्या, मग रेडिएटरची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळती पाहणं. त्यात गळला, तरच बदला.