गर्भ राहू नये म्हणून सलग तीन महिने घ्यायच्या गोळ्या सुरू करतेयस ना?

अगं, सांगलीत गणपतीच्या तोंडावर मेडिकलमधून आणतात त्या पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या वेगळ्या. गर्भ राहू नये म्हणून त्यांच्यावर विसंबू नकोस.

तुझं गणित असं: 84 दिवस रोज एक, ठरल्या वेळी, मग 7 दिवस सुट्टी. डॉक्टर मॅडमनी 21 गोळ्यांची चार पाकिटं सलग सांगितली असतील, तर मधे खंड नाही. माला-डीसारख्या 28 च्या पाकिटातल्या तपकिरी गोळ्या लोहाच्या. त्या वगळून थेट पुढचं पाकीट.

पाळीच्या पहिल्या दिवशीच सुरू कर. पाच दिवस उलटले असतील, तर 7 दिवस कंडोम हवाच. एखादी विसरलीस तर आठवताच घे. लागोपाठ दोन चुकल्या, तर पुन्हा 7 दिवस कंडोम. सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात, त्यापायी गोळ्या सोडू नकोस. बीपी, अर्धशिशी किंवा सिगारेट असेल तर आधीच मॅडमना सांग. पोटरी सुजून दुखली, तर लगेच दवाखाना गाठ.