गॅरी मॅकडॉनल्ड हे ऑस्ट्रेलियन विनोदी नट कशामुळे मोठे ठरले, आणि १९९३ मध्ये त्यांनी नॉर्मन गन्स्टनचा कार्यक्रम अर्ध्यावर का सोडला?

नॉर्मन गन्स्टनमुळे ते प्रसिद्ध झाले आणि आर्थर बेअरमुळे मोठे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन भूमिकांना एकाच मापाने मोजणाऱ्यांशी मी वाद घालत आले आहे, आणि त्यांत माझा सख्खा भाऊही आहे.

गन्स्टनविषयी आधी थोडक्यात सांगते, कारण त्याच्याबद्दल सगळेच बोलतात. १९४८ साली जन्मलेले मॅकडॉनल्ड सिडनीच्या राष्ट्रीय नाट्यशिक्षण संस्थेतून, म्हणजे निडातून, १९६७ मध्ये बाहेर पडले. सत्तरीच्या सुरुवातीला एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वाहिनीवरील ‘द आंटी जॅक शो’मध्ये वोलॉन्गॉन्ग या पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाचा एक बावळट वार्ताहर म्हणून गन्स्टन अवतरला. टकलावरून आडवे विंचरलेले केस, अंगाला न बसणारा चकचकीत कोट आणि दाढी करताना झालेल्या जखमांवर चिकटवलेले कागदाचे कपटे, असा त्याचा थाट होता. १९७५ मध्ये त्याला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. समोरचा माणूस हे सोंग आहे याचा पत्ता नसलेल्या जगप्रसिद्ध पाहुण्यांना तो इतके निर्बुद्ध प्रश्न विचारी की, त्यांतले काही चिडत आणि काही हसून लोळत. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले, तेव्हा कॅनबेरात संसदेच्या पायऱ्यांवर जमलेल्या संतप्त गर्दीसमोर हा गन्स्टन माईक घेऊन उभा होता. देशावर घटनात्मक संकट कोसळलेले असताना एक काल्पनिक पात्र तेथे बोलत आहे आणि लोक ऐकत आहेत, असे दृश्य दुसऱ्या कुठल्या लोकशाहीत घडले असेल असे मला वाटत नाही. १९७६ चा गोल्ड लोगी हा तेथील दूरचित्रवाणीचा सर्वोच्च सन्मान मॅकडॉनल्ड यांना नव्हे, तर गन्स्टनच्या नावाने मिळाला.

आता आर्थर. ‘मदर अँड सन’ ही जेफ्री अथर्डन यांनी लिहिलेली मालिका १९८४ ते १९९४ या काळात एबीसीवर चालली. घटस्फोटानंतर आर्थर हा मध्यमवयीन पत्रकार आईकडे राहायला येतो. मॅगी, म्हणजे त्याची आई, विसरभोळी होत चाललेली आहे, पण नेमके काय विसरायचे हे तिला पक्के कळते. ही भूमिका रूथ क्रॅकनेल यांनी केली. थोरला मुलगा रॉबर्ट दंतवैद्य आहे. त्याचे घर मोठे, उत्पन्न मोठे आणि आईला चार दिवस ठेवून घ्यायची वेळ आली की अडचणीही मोठ्या. तरीही मॅगीच्या तोंडी कौतुक असते ते रॉबर्टचेच.

मी ही मालिका दादाच्या सिडनीतील घरी, पुनःप्रक्षेपणात पाहिली. आई त्या वेळी माझ्याबरोबर होती. तिचा विसर तेव्हा बराच वाढला होता आणि पुण्यात तिचे सगळे मीच पाहत असे. तिला इंग्रजी कळत नसे, पण आर्थरच्या चेहऱ्याकडे पाहून ती खळखळून हसे. एका संध्याकाळी तिने, “त्या पोराला कुणी जेवायला वाढत नाही का?” असे विचारले. दादा शेजारीच बसला होता. त्याने टीव्ही बंद केला आणि म्हाताऱ्या, आजारी बाईची ही थट्टा आपल्या घरात चालणार नाही, असे बजावले. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. थट्टा आईची नसून तुझी आहे, असे मी त्याला सांगितले. त्यानंतर आम्ही बराच काळ कामापुरतेच बोलत होतो. आई मात्र दुसऱ्या दिवशीही शेजारणीला, “माझा दादा रोज फोन करतो,” हेच सांगत राहिली. तो खरेच रोज फोन करी. आंघोळ घालणे, गोळ्या देणे आणि रात्री दाराला कडी घालून ती बाहेर जाणार नाही याची काळजी घेणे ही कामे फोनवरून होत नाहीत.

मॅकडॉनल्ड यांचे मोठेपण मला येथे दिसते. विनोदाचे सगळे फटाके क्रॅकनेल यांच्याकडे होते आणि यांच्या वाट्याला केवळ सहन करणे होते. आधी राग, मग तो गिळणे आणि लगेच त्या रागाचीच शरम, असे तिन्ही भाव ते एका संवादाच्या आत चेहऱ्यावर आणत, आणि तेही एकाही भावासाठी प्रेक्षकांची दया न मागता. गन्स्टनला भडक रंगभूषेचा आणि भांबावलेल्या पाहुण्यांचा आधार होता. आर्थरला कसलाच नव्हता. माझ्या आईला भाषा न कळताही तो माणूस उपाशी वाटला, यापेक्षा वेगळा पुरावा मला नको.

१९९३ बद्दल विचारले आहे, म्हणून सांगते. सेव्हन या वाहिनीने गन्स्टनला त्या वर्षी पुन्हा आणले आणि काही भागांतच मॅकडॉनल्ड मानसिकदृष्ट्या कोसळले. तीव्र चिंताविकार आणि नैराश्य ही कारणे त्यांनी स्वतः उघडपणे सांगितली. पुढे ‘बियाँडब्लू’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या संचालक मंडळावर त्यांनी काम केले. त्या काळात एखाद्या पुरुष विनोदी नटाने हे चारचौघांत बोलणे मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा मोलाचे वाटते. ‘हसवणाऱ्याला कसली आली चिंता’ असे म्हणणाऱ्यांनी थोडा वेळ गप्प बसावे. ‘आई तर मजेत असते, तुला कसला त्रास’ असे म्हणणाऱ्यांनीही बसावे.

त्यानंतर ते संपले, असे मात्र समजू नका. ‘मदर अँड सन’चे अखेरचे भाग १९९४ मध्ये दाखवले गेले, २००२ च्या ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’मध्ये त्यांची छोटी भूमिका आहे, आणि ‘ऑफस्प्रिंग’ या मालिकेतही त्यांनी काम केले.

पाहायला सुरुवात कुठून करावी, तर ‘मदर अँड सन’पासून आणि शक्यतो भावंडांसह. एक गोष्ट मान्य करायला हवी की क्रॅकनेल आणि अथर्डन यांच्याविना आर्थर उभाच राहिला नसता, त्यामुळे सगळे श्रेय मॅकडॉनल्ड यांना देणे अन्यायाचे होईल. गन्स्टनच्या मुलाखतींतील बरेचसे विनोद त्या काळातील ऑस्ट्रेलिया ठाऊक असल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून माझे मत थोडे एकांगी असू शकते. शिवाय घरात विसराच्या आजाराचे माणूस असलेल्या प्रत्येकाला ही मालिका सोसेलच असे नाही. दादालाही ती सोसली नसेल, एवढे मी मान्य करते. परंतु त्याने दोनच भाग पाहिले होते आणि त्या दोन्ही भागांत रॉबर्ट होता.