मानेवरचे व्रण आणि मागच्या पायांची नखे

प्रश्न : आमच्या प्राणिगृहातील सी५७ब्लॅक/६ वंशाच्या काही काळ्या उंदरांना मानेमागे आणि खांद्यांच्या मध्ये ओले व्रण झाले आहेत. तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरिअस हा जिवाणू आढळला. प्रतिजैविक मलम लावले की व्रण सुकतात आणि पुन्हा उघडतात. त्याच खोलीतील केसरहित ‘न्यूड’ उंदरांच्या पाठीवर पांढरट पापुद्रे दिसू लागले आहेत. संसर्ग एका गटातून दुसऱ्या गटात गेला असेल का?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या या बहुधा दोन वेगळ्या व्याधी आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

काळ्या उंदरांच्या व्रणांत जिवाणू सापडला म्हणून तोच मूळ कारण आहे, असे मानू नये. स्टॅफिलोकोकस ऑरिअस निरोगी उंदरांच्या त्वचेवर आणि नाकातही राहतो. माणसांपैकी सुमारे तिघांत एकाच्या नाकात तो असतो, त्यामुळे हाताळणाऱ्यांकडूनही तो पिंजऱ्यात पोहोचू शकतो. या वंशात व्रणयुक्त त्वचादाह विशेष आढळतो आणि त्याची सुरुवात खाजेपासून होते. ही खाज नेमकी का सुटते हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही, परंतु उंदीर मागच्या पायांनी खाजवतो, त्वचा फाटते, त्या फटीतून जिवाणू आत शिरतो, दाह वाढल्याने खाज आणखी वाढते आणि हे चक्र मलमाने तुटत नाही. म्हणून मागच्या पायांची नखे कापणे हा साधा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका उंदराला त्यासाठी फार वेळ लागत नाही आणि अनेकदा व्रण त्यानेच भरून येतात. नखे पुन्हा वाढतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्याआधी त्वचेवरील माइट्सची (अतिसूक्ष्म परजीवी किडींची) तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्यामुळेही असेच व्रण होतात. नरांच्या शेपटीवर किंवा पाठीच्या मागच्या भागावर जखमा असल्यास त्या बहुधा परस्परांच्या चाव्यांच्या असतात, आणि तेथे उपचारापेक्षा नरांना वेगळे ठेवणे अधिक उपयोगी पडते.

न्यूड उंदरांच्या पापुद्र्यांमागे कोरिनेबॅक्टेरियम बोव्हिस हा दुसराच जिवाणू असण्याची शक्यता अधिक आहे. फॉक्सएन१ या जनुकातील दोषामुळे या उंदरांना कार्यक्षम थायमस, म्हणजे टी-पेशी या प्रतिकारक पांढऱ्या पेशी जिथे परिपक्व होतात ती ग्रंथी, नसतो, त्यामुळे टी-पेशींचे संरक्षण त्यांना जवळजवळ मिळत नाही. संसर्गानंतर साधारण आठवड्या-दहा दिवसांत पाठीवर पांढरट पापुद्रे येतात आणि काही दिवसांनी ते आपोआप ओसरतात; मात्र उंदीर बरा दिसला तरी त्याच्या त्वचेवर जिवाणू टिकून राहतो. गळून पडणाऱ्या पापुद्र्यांतून, हातमोज्यांतून, वापरलेल्या पिंजऱ्यांतून आणि रोपणासाठी आणलेल्या अर्बुदांच्या (गाठींच्या) तुकड्यांतून तो पसरतो. प्रतिजैविकांनी लक्षणे कमी झाली तरी उंदरांच्या समूहातून जिवाणू पूर्णपणे नाहीसा होईल यावर विसंबू नये. त्याची वाढ मंद आणि संवर्धनात दिसणारे त्याचे पुंजके बारीक असल्याने नेहमीच्या जिवाणूसंवर्धनात तो सहज निसटतो. त्वचेवरून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी) चाचणी मागावी. केस असलेले उंदीर आजारी न पडता हा जिवाणू काही काळ बाळगू शकतात, म्हणून आपल्या प्रश्नातील शंका या जिवाणूच्या बाबतीत रास्त आहे. यापुढे रोज प्रथम न्यूड उंदरांचे आणि नंतरच इतरांचे काम करावे. बाधित पिंजरे वेगळ्या जागी हलवून शेवटी हाताळावेत.

या उंदरांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांचीही मला तितकीच काळजी वाटते. दीर्घकाळ चिघळलेल्या व्रणांनी लसिकाग्रंथी व प्लीहा वाढतात, रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रमाण बदलते, आणि प्रतिकारशक्तीवरील अभ्यासात औषधाचा परिणाम व जखमेचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. प्रत्येक व्रणाची जागा, आकार आणि पहिल्यांदा दिसल्याची तारीख लिहून ठेवावी. व्रण पसरत असतील किंवा उंदीर कुबड काढून बसत असेल, वजन घटत असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेदनारहित मृत्यू देण्याचा निर्णय वेळेवर घ्यावा. नियोजित मोजमाप पूर्ण होण्यासाठी त्याला ताटकळत ठेवू नये.