टीएनएफ कुठे घालायचा, वर की खाली?

प्रश्न: ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीच्या) मूलपेशींची घुसखोरी टीएनएफ-आल्फामुळे (दाह वाढवणाऱ्या प्रथिनामुळे) वाढते का, हे मॅट्रिजेल (पेशींभोवतालच्या जाळ्यासारखं जेल) लावलेल्या इन्सर्टमध्ये, म्हणजे सच्छिद्र तळाच्या छोट्या कपात, तपासते आहे. खालच्या वेलमध्ये (खळग्यात) 10 टक्के सीरम (रक्तद्रव) आणि टीएनएफ असतो. पण टीएनएफ असो वा नसो, पेशी तेवढ्याच उतरतात. काय चुकतंय?
– एम. एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: टीएनएफला तुम्ही आमिष समजताय. तो पेशीला ओढण्यापेक्षा तिला बदलतो. एनएफ-कप्पा-बी (जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं होतं, भोवतालचं जाळं कापणारी एमएमपी विकरं तयार होतात, आणि याला काही तास लागतात. म्हणून पेशींनाच आधी 24 तास 10 नॅनोग्रॅम प्रति मिली टीएनएफ द्या, मग त्याच मात्रेसह वरच्या कप्प्यात सोडा. टीएनएफ जिवंत आहे ना, हेही पाहा: अर्ध्या तासात पी65 (एनएफ-कप्पा-बीचाच एक भाग) केंद्रकात शिरलेलं दिसायला हवं. वारंवार गोठवून वितळवलेली कुपी इथेच उघडी पडते.

सीरम मात्र काढाच. त्याची ओढ इतकी जबर की बाकी सगळं झाकलं जातं, शिवाय सीरममध्ये मूलपेशींचं मूलपण टिकत नाही. त्याऐवजी ईजीएफ आणि एफजीएफ-2 हे वाढघटक (पेशींना वाढवणारी प्रथिनं) प्रत्येकी 20 नॅनोग्रॅम प्रति मिली पुरे.

मॅट्रिजेल येतं उंदराच्या गाठीतून, त्यात टीजीएफ-बीटा हा वाढघटक आयताच असतो आणि तोही घुसखोरी वाढवतो. वाढघटक कमी केलेलं मॅट्रिजेल घ्या. रात्रभर फ्रिजमध्ये, बर्फात रोवून वितळवा. टिप आणि इन्सर्टही गार हवेत, कारण 10 अंशांपुढे ते पिपेटमध्येच थिजू लागतं. मग थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो आणि पेशी कडेनं घसरतात. स्फिअर (मूलपेशींचे गोळे) अॅक्युटेजनं (पेशी सुट्या करणाऱ्या विकरद्रावणानं) नीट सुटे करा. इन्सर्टच्या 8 मायक्रोमीटरच्या छिद्रातून गोळा जात नाही.

मॅट्रिजेल न लावलेलं इन्सर्ट आणि पेशींच्या वाढीची वेगळी मोजणी सोबत ठेवा. नाहीतर संख्या वाढली की घुसखोरी, हे कळणार नाही.

प्रश्न: वडिलांना याच गाठीसाठी (ग्लायोब्लास्टोमासाठी) डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू आहे. दाह कमी झाला, म्हणजे गाठ पसरणं थांबेल?

उत्तर: नाही. ही गोळी गाठीभोवतीची सूज उतरवते, त्यामुळे डोकेदुखी आणि अशक्तपणा कमी होतो. पेशींची घुसखोरी तिनं थांबत नाही. बरं वाटलं म्हणून ती परस्पर बंद मात्र करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर मंदावलेलं असतं, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.