ठिपक्याला कशाने भागले आहे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पीयूसीचा (कर्नाटकातील अकरावी-बारावीचा) निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो. विद्यापीठांचा खर्च दाखवणारा ठिपक्यांचा आलेख कोणीतरी मोबाइलवर पाठवलेला असतो, ठिपक्यावर बोट ठेवले की विद्यापीठाचे नाव आणि आकडे उमटतात, आणि मुलीसाठी ठरवलेल्या विद्यापीठाचा ठिपका नेमका तळाशी असतो. या इंटरॅक्टिव्ह स्कॅटर प्लॉटबद्दलचा गोंधळ दर वर्षी तोच असल्याने निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

असा आलेख स्वतः तयार करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे? (टिळकवाडी)

कोणतेही घेऊ नये. साधी स्प्रेडशीट पुरते. बोट ठेवताच आकडे दिसायला हवे असतील तर टॅब्लो पब्लिक हे आलेख काढण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे.

दोन-तीन मोठी विद्यापीठे वगळता सगळे ठिपके डाव्या कोपऱ्यात गर्दी करतात. काय करावे? (चिकोडी)

दोन्ही अक्षांना लॉगरिदमिक मापनी लावावी. मग १ कोटी ते १० कोटी आणि १० कोटी ते १०० कोटी ही अंतरे सारखी दिसतात व गर्दी सुटते. मात्र या मापनीवर शून्य किंवा ऋण आकडा बसत नाही, त्यामुळे उभ्या अक्षावर वर्षाअखेरची शिल्लक घेतली तर तुटीतली विद्यापीठे चित्रातून गुपचूप नाहीशी होतात. आधी यादीतील नावे मोजावीत, नंतर ठिपके मोजावेत.

एकाच राज्य विद्यापीठाचा दर विद्यार्थी खर्च एका आलेखात माथ्यावर, तर दुसऱ्यात तळाशी दिसतो. खोटे कोण बोलते? (खानापूर)

बहुधा कोणीच नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडील बहुतेक राज्य विद्यापीठे संलग्नता देणारी आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात असले तरी त्याला संलग्न असलेली अभियांत्रिकी महाविद्यालये कर्नाटकभर पसरलेली आहेत. अशा ठिकाणी ‘विद्यार्थी’ म्हणजे आवारात शिकणारे की विद्यापीठाची परीक्षा देणारे सगळे, हे आधी ठरवावे लागते. केवळ समजुतीसाठी एक काल्पनिक विद्यापीठ घेऊ : खर्च १५० कोटी रुपये, आवारातील विद्यार्थी ३,०००, संलग्न महाविद्यालयांतील २ लाख. पहिल्या संख्येने भागले तर दर विद्यार्थी खर्च ५ लाख रुपये येतो. दोन्हींच्या बेरजेने भागले तर सुमारे ७,४०० रुपये. वही तीच, बेरीज तीच. पर्याय बदलला की ठिपका माथ्यावरून तळाशी उडी मारतो. त्यातही गुंता असा की संलग्न विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क विद्यापीठाच्या उत्पन्नात धरले जाते, पण त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा पगार विद्यापीठाच्या खर्चात नसतो. म्हणजे ७,४०० हा आकडा त्या मुलांच्या शिक्षणावरचा खर्च नव्हेच.

दुसरा सापळा याहून जुना आहे. आडव्या अक्षावर विद्यार्थीसंख्या आणि उभ्या अक्षावर दर विद्यार्थी खर्च घेतला, तर तीच संख्या एकीकडे उघड आणि दुसरीकडे छेदात बसते. मग ‘मोठी विद्यापीठे कंजूष असतात’ असे सांगणारा उतरता कल, मूळ आकड्यांमध्ये तसा काहीही संबंध नसतानाही, आपोआप दिसू लागतो. गुणोत्तरांच्या या फसव्या सहसंबंधाबद्दल संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९७ साली सावध केले होते. तरीही असे आलेख मला दर आठवड्याला येतात, आणि पाठवणारा ‘सगळीकडे फिरतोय’ एवढाच पुरावा देतो.

तिसरी गोष्ट अंशाची, म्हणजे ज्याला भागले त्या खर्चाची. अनेक आलेखांतील आकडे एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षण संस्थांच्या क्रमवारीसाठी संस्थांनीच दिलेल्या माहितीतून घेतलेले असतात. तेथील भांडवली खर्चात जमीन आणि इमारती धरलेल्या नसतात. ज्या वर्षी नवी इमारत उभी राहिली, त्या वर्षीही ठिपका जागचा हलत नाही. त्यावरून ‘विद्यापीठ काहीच करत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. खर्चाची व्याख्या कळत नसेल तर शिक्षण संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या लेखापालाला ती विचारून घ्यावी.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ यांची तुलना एकाच आलेखावर करता येईल का? (निपाणी)

करता येईल, पण जपून. पहिले १९६२ चे, दुसरे २०१० चे. राज्ये दोन, कायदे दोन. पगाराचे अनुदान आणि निवृत्तिवेतन कोणाच्या वहीत दाखवले आहे, आणि दोन्ही आकडे एकाच आर्थिक वर्षाचे व लेखापरीक्षण झालेले आहेत का, हे दोन्हीकडच्या वित्त विभागांत विचारावे. दोन्ही सार्वजनिक विद्यापीठे असल्याने माहितीच्या अधिकाराखाली अर्जही करता येतो.

प्रवेश मेळाव्यात एका संस्थेने आलेख दाखवला. खर्च जास्त तिथे नोकऱ्या जास्त, हे त्यात स्पष्ट दिसत होते. (शहापूर, बेळगाव)

असाच एक आलेख मीही एका मेळाव्यात टॅबवर पाहिला. उजवीकडच्या यादीत काही सरकारी विद्यापीठांपुढची टिकची खूण आधीच काढून ठेवलेली होती. मी त्या खुणा परत लावल्या, तशी झोकात वर चढणारी रेषा जवळजवळ आडवी झाली आणि टॅब माझ्या हातातून परत घेण्यात आला. आलेख इंटरॅक्टिव्ह असल्याचा खरा फायदा हाच की तो आपणही हलवू शकतो. शिवाय रेषा चढती राहिली असती तरी खर्चामुळेच नोकऱ्या मिळाल्या असे सिद्ध झाले नसते. आलेखामागचा तक्ता मागावा. तो मिळाला नाही तर पैसे भरू नयेत.

मोठा ठिपका म्हणजे श्रीमंत विद्यापीठ का? (कारवार)

बाजूची सूची पाहावी. आकार बहुधा विद्यार्थीसंख्येचा असतो. आणि आकडा दुप्पट म्हणून त्रिज्याच दुप्पट केली असेल तर वर्तुळ चौपट दिसते.

शुल्क भरायची शेवटची तारीख परवा आहे आणि ठिपका खाली आहे. प्रवेश रद्द करावा का? (खानापूर)

हा प्रश्न दोन महिन्यांपूर्वी यायला हवा होता. केवळ ठिपक्यावरून प्रवेश रद्द करू नये. उद्या सकाळीच महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन त्या विभागातील कायम प्राध्यापकांची संख्या, प्रयोगशाळेची स्थिती आणि शुल्क परताव्याचा नियम लेखी मागावा, आणि तो कागद मुलीच्या पीयूसीच्या प्राध्यापकांना दाखवून मगच ठरवावे.