नागपूरची ‘गादी’ का, ‘सिंहासन’ का नाही?

प्रश्न : महालातल्या भोसल्यांविषयी बोलताना सगळे ‘नागपूरची गादी’ म्हणतात, ‘नागपूरचे सिंहासन’ कुणी म्हणत नाही. गादी सिंहासनापेक्षा खालच्या दर्जाची असते काय? आणि सिंहासन जर सिंहाचे आसन, तर त्यावर राजा कसा?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आधी सिंहाचे बघू. ‘सिंहाचे आसन’ हा विग्रहच चुकतो. खरा विग्रह ‘सिंहचिन्हित आसन’, म्हणजे पायांवर किंवा बाजूंना सिंह कोरलेले आसन. मधले ‘चिन्हित’ गळाले, म्हणून हा मध्यमपदलोपी समास. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश तर सिंहापेक्षा सोन्याकडे बघतो : राजाचे आसन ते भद्रासन, आणि तेच सोन्याचे असले की सिंहासन. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेकासाठी घडवलेले आसन सभासद बखरीत बत्तीस मण सोन्याचे सांगितले आहे. गंमत अशी, की तिथे त्याला शब्द वापरलाय ‘तक्त’!

हा ‘तक्त’ म्हणजे फारसी ‘तख्त’. भिंतीवरचा ‘तक्ता’ आणि जुन्या वाड्यांतली लाकडी ‘तक्तपोशी’ ही त्याच घरातली भावंडे. ‘तख्ता’ म्हणजे फळी. राजाच्या बैठकीसाठी वापरली जाणारी ‘मसनद’ अरबी. तिचे मूळ ‘टेकणे’, म्हणून मसनद म्हणजे लोड-तक्क्याला टेकून बसायची जागा. ज्या कागदाच्या आधारावर हक्क सांगायचा ती ‘सनद’ही त्याच धातूची.

गादी मात्र घरातली. पिंजारी कापूस भरून देतो तीच. ती खालच्या दर्जाची, हे आम्हाला पटत नाही. छत्रपतींच्या बाबतीतही आपण ‘साताऱ्याची गादी’, ‘कोल्हापूरची गादी’ असेच म्हणतो. फरक दर्जाचा नाही, अर्थाचा आहे. सिंहासन ही दिसणारी वस्तू, अभिषेकाशी जोडलेली. ते फोडता येते, लुटून नेता येते. गादी म्हणजे घराण्याचा चालत आलेला हक्क. म्हणून गादीला वारस लागतो, गादीसाठी दत्तक घेतात, आणि मठाची किंवा सराफाचीही गादी असते. नागपूरकर भोसले छत्रपतींचे ‘सेनासाहेब सुभा’, म्हणजे छत्रपतींनी दिलेल्या या किताबाचे सरदार. त्यांनी स्वतःला वेगळा छत्रपती म्हणून अभिषेक करवला नाही, तेव्हा इथे सिंहासनाची भाषा रुजायला कारणच नव्हते. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. तो वाद वारसाचा, म्हणजे गादीचाच होता.

लिहिताना दोन ठिकाणी हमखास घसरण होते. उच्चार ‘सिंव्हासन’ असा होतो, कारण मराठीत ‘ह’च्या आधीचा अनुस्वार ‘व’सारखा ऐकू येतो, पण लिहायचे ‘सिंहासन’च. आणि ‘सिंहासनारूढ’मधला ‘रू’ दीर्घ. चौकातल्या फलकांवर तो अनेकदा ऱ्हस्व छापलेला दिसतो.